मशीन देतं, कियोस्क विचारतो

इंदुरात कुणाला ‘जरा कियोस्कवर जाऊन ये’ म्हटलं, तर तो टचस्क्रीनचा पडदा लावलेली पेटी शोधत फिरत नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आठ बाय दहाच्या दुकानात जातो. तिथे एक संगणक असतो, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं काड्यापेटीएवढं यंत्र, लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास, आणि या सगळ्यामागे स्टुलावर बसलेला एक मुलगा. राज्य सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून 2006 साली एमपी ऑनलाइन काढलं, तेव्हापासून हा शब्द आमच्या बोलण्यात असा मुरला. परीक्षेचा फॉर्म भरायचा, कियोस्क. कॉलेजचा प्रवेश, कियोस्क. समग्र आयडीत, म्हणजे राज्याच्या कुटुंब-ओळख क्रमांकात, नावाची चूक झाली, कियोस्क. बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रालाही आम्ही कियोस्कच म्हणतो. पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीला हे ऐकून नवल वाटलं होतं. तिच्या लेखी कियोस्क म्हणजे विमानतळावरचा तो उभा पडदा, ज्याच्यापुढे माणूस एकटाच उभा असतो.

मला आमचा अर्थ अधिक खरा वाटतो, आणि हा आपल्या गावाचा अभिमान म्हणून मी म्हणत नाही. सार्वजनिक ठिकाणी आता एकामागून एक पेट्या उभ्या राहताहेत. त्या उभ्या करताना आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एक समजून चाललो आहोत, आणि त्याचा त्रास ज्यांच्यात तक्रार करायचं बळ नाही त्यांना होतो आहे.

गेल्या श्रावणात आत्याला घेऊन शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. आत्या 82 वर्षांची. पायावर सूज, ती संध्याकाळी वाढायची, आणि चार पायऱ्या चढल्या की दम. पूर्वी जिथे पर्चीची, म्हणजे डॉक्टरांना दाखवायच्या चिठ्ठीची, खिडकी होती तिथे जाळी ओढून घेतलेली होती आणि तिच्यापुढे दोन उभे पडदे लावलेले. त्याच भिंतीला जरा पुढे बिस्किटं नि पाण्याच्या बाटल्यांचं व्हेंडिंग मशीन. तिन्ही पेट्या एका उंचीच्या, एकाच निळ्या रंगाच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एकाच कारखान्यातून एकाच ट्रकने आल्या असतील.

पडद्याने आधी मोबाइल नंबर मागितला. आत्याच्या नावाचा नंबर आतेभावाच्या खिशात, आणि आतेभाऊ देवासला. ओटीपी तिकडे गेला. त्याला फोन लावून आकडे विचारेपर्यंत पडदा आपला पहिल्या पानावर परत. दुसऱ्या खेपेला मी माझा नंबर दिला. मग आलं, ‘विभाग निवडा’. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो, कार्डिओ, नेफ्रो, अशी दोन पानं भरून चौकोन. आत्याने मला हळूच विचारलं, “अगं, सूज कशात येते?”

मला ठाऊक नव्हतं. सूज पायाला, म्हणून मी ऑर्थोवर बोट ठेवलं. पाऊण तासाने नंबर लागला, तेव्हा आतल्या डॉक्टरांनी पायावर अंगठा दाबून बघितला, खळगा पडला तो बघितला, आणि सांगितलं की हे हाडांचं नाही, मेडिसिनला दाखवा, हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही तपासायला हवं. पुन्हा पडदा, पुन्हा ओटीपी. तोवर मेडिसिनची त्या दिवसाची नोंदणी संपली होती. आत्या बाकावर बसून राहिली. तिला भूक लागली होती, म्हणून मी त्या तिसऱ्या पेटीपाशी गेले. फोनने क्यूआर घेतला, 20 रुपये गेले, काचेमागचं तारेचं वेटोळं एक फेरा फिरलं आणि बिस्किटाचा पुडा खाली पडला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. आत्या म्हणाली, “हे बाई शहाणं आहे.”

तिचं म्हणणं मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. शहाणं ते मशीन नव्हतंच. त्याला शहाणपणाची गरज नव्हती, एवढंच.

व्हेंडिंग मशीनच्या पोटात माल असतो. कप्पे असतात, कप्प्यात तारेची वेटोळी, प्रत्येक वेटोळ्याला मोटर. पैसे पोचल्याचा निरोप आला की मोटर एक फेरा फिरते. चांगल्या मशीनमध्ये खाली अदृश्य किरणांचा पडदा असतो. पुडा पडताना तो तुटला तर माल मिळाला, नाही तुटला तर मोटर पुन्हा जरा फिरते. झालं. तुम्ही कोण, कुठल्या वॉर्डातले, तुमचं नाव आधारवर एक नि रेशनकार्डावर दुसरं तर नाही ना, याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. आमच्या लहानपणी रेल्वे स्टेशनवर वजनाचं मशीन असायचं. वर चढायचं, रंगीत दिवे लुकलुकायचे, चकती फिरायची, नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्यसुद्धा ते मशीन काही न विचारता सांगायचं.

ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोनने देवळातल्या तीर्थासाठी एक पात्र योजलं होतं. फटीतून नाणं टाकायचं, ते आतल्या तरफेच्या एका टोकावर पडायचं, त्या भाराने दुसरं टोक उचललं जायचं, झडप उघडायची आणि पाणी यायचं. नाणं घसरून खाली पडलं की झडप बंद. सर्वांना सारखं, मोजून, आणि मध्ये पुजारी नाही. दोन हजार वर्षांत आपण तरफेच्या जागी मोटर आणि नाण्याच्या जागी क्यूआर आणला, पण व्यवहाराचा जीव तोच राहिला.

‘कियोस्क’ या शब्दाचं कूळ याच्या अगदी उलट आहे. फारसीतला ‘कुश्क’, तो तुर्कीत जाऊन बागेतला चारी बाजूंनी उघडा मंडप झाला, आणि पुढे फ्रेंचांमार्फत युरोपभर वर्तमानपत्रांच्या नि फुलांच्या टपऱ्यांना हे नाव पडलं. त्यात माणूस बसलेला असायचा. आजच्या पडद्याच्या कियोस्कला पोट नाही. उघडून बघितलं तर आत कागदाचा एक रोल, एक प्रिंटर आणि भिंतीत गेलेली तार. द्यायला त्याच्याकडे वस्तू नाही. तो तुमच्याकडून घेतो: नाव, नंबर, पत्ता, तारीख, निवड. ते सगळं कुठल्या तरी सर्व्हरकडे पाठवतो आणि तिकडचा निकाल कागदावर छापतो. म्हणून दोघांचे आजारही वेगळे. मशीन बिघडतं ते पुडा अडकून, माल संपून किंवा गारवा जाऊन. कियोस्क बिघडतो तो ‘सर्व्हर डाउन’ म्हणून, नाही तर उत्तर चुकीचं दिलं गेलं म्हणून. आणि हा दुसरा बिघाड बाहेरून दिसतच नाही. आत्याला ऑर्थोची पर्ची अगदी स्वच्छ छापून मिळाली होती. पडद्याच्या हिशेबी काम फत्ते झालं होतं.

मी 34 वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, त्यामुळे एटीएमचा प्रवास जवळून बघितला आहे, आणि या प्रश्नावर एटीएमइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. जगातलं पहिलं म्हणून ज्याची नोंद होते ते एटीएम 27 जून 1967 रोजी लंडनच्या उत्तरेला एन्फिल्डमध्ये बार्कलेज बँकेने लावलं. ते घडवणाऱ्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्या मशीनमध्ये कार्ड नव्हतं. बँकेने दिलेला खास कागदी चेक टाकायचा, त्यावर कार्बन-14 चा सूक्ष्म थर असे, तो मशीन ओळखायचं आणि 10 पौंड द्यायचं. म्हणजे ते शुद्ध व्हेंडिंग मशीन होतं. चेक टाका, ठरलेली नोट घ्या. भारतात ते 1987 साली मुंबईत आलं. नंतर त्याच पेटीला आपण विचारायला शिकवलं. भाषा कुठली, खातं बचतीचं की चालू, किती रक्कम, पिन बदलायचा का, मोबाइल जोडायचा का. पेटी तीच, पण ती हळूहळू कियोस्क झाली. आणि ज्या दिवशी ती कियोस्क झाली त्या दिवसापासून तिच्यापाशी माणसाची गरज लागली.

तो माणूस आमच्याकडे होता. दाराशी बसणारा गार्ड. त्याची नेमणूक चोरांसाठी, पण दिवसभराचं त्याचं खरं काम वेगळंच असायचं. “बाबूजी, हिरवं बटन दाबा.” “कार्ड उलटं आहे, माताजी.” पेन्शनरांना त्याचं नाव ठाऊक असायचं. खर्च वाचवायला पुष्कळ ठिकाणचे गार्ड निघाले. गरज मात्र निघाली नाही. मग त्या रिकाम्या जागी दुसरी माणसं आली. ‘मदत करू का’ म्हणत मागे उभी राहणारी, पिन बघून घेणारी, हातचलाखीने कार्ड बदलणारी. कार्ड बदलून फसवणूक झालेल्या किती तरी वृद्धांचे अर्ज मी माझ्या हाताने लिहून दिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असायचं: मला मशीन चालवता येत नव्हतं, म्हणून मी त्या मुलाला विचारलं. विचारणाऱ्या यंत्राजवळून विश्वासाचा माणूस काढला, तर तिथे बिनविश्वासाचा येऊन उभा राहतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

रेल्वेला हे कळलं, याचं मला समाधान आहे. स्टेशनवरच्या तिकिटाच्या यंत्राचं नाव ऑटोमॅटिक तिकीट व्हेंडिंग मशीन. नावात व्हेंडिंग, पण ते विचारतं. कुठे जायचं, कुठल्या मार्गाने, किती मोठे, किती मुलं, एकेरी की परतीचं. म्हणून रेल्वेने त्या यंत्रांपाशी सहायक नेमायला सुरुवात केली, त्यात आपलेच निवृत्त कर्मचारीही घेतले, आणि त्यांना तिकिटांच्या विक्रीवर कमिशन ठेवलं. आता दृश्य बघा: यंत्रापुढे खुर्ची टाकून एक निवृत्त गृहस्थ बसलेले, प्रवासी त्यांना ‘उज्जैन, दोन’ एवढंच सांगतात, आणि ते पटापट बोटं चालवतात. काही जण याला यंत्राचा पराभव म्हणतात. मला तर ती या देशातली सर्वांत समंजस व्यवस्था वाटते. रांग झरझर सरकते, यंत्राचा वेग मिळतो आणि ‘गाडी कुठल्या फलाटावर’ हेही कळतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, मला यंत्रांचंच वावडं आहे. तसं नाही. काही ठिकाणी माणूस मध्ये असणं हाच अडथळा असतो, आणि तिथे मशीनचं मुकेपण मोठी देणगी ठरतं. आमच्या पिढीतल्या बायकांनी सॅनिटरी पॅड कसे विकत घेतले ते आठवा. दुकानात इतर गिऱ्हाईक नाही असं बघून जायचं, मान खाली घालून मागायचं, दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळणार, वरून काळी पिशवी देणार. एखाद्या शाळेच्या स्वच्छतागृहात 5 रुपयांचं नाणं टाकून पॅड देणारं मशीन लागतं, तेव्हा सातवीतल्या मुलीला कुणाच्याही डोळ्यांत बघावं लागत नाही. तिथे माणूस बसवा असं मी चुकूनही म्हणणार नाही. मशीन जात बघत नाही, कपडे बघत नाही, ‘उद्या या’ म्हणत नाही. रात्री दोनला रुग्णाच्या नातेवाइकाला पाण्याची बाटली देतं. अशी मशिनं आणखी हवीत, अगदी प्रत्येक सरकारी शाळेत, बसस्थानकात, प्रसूतिगृहाच्या बाहेर.

फक्त त्यांनाही मागून हात लागतो, हे विसरू नये. आमच्या शेजारणीची नात ज्या शाळेत जाते तिथलं असं मशीन सात महिने रिकामं होतं. बिघाड काही नव्हता. किल्ली ज्या बाईंकडे होती त्यांची बदली झाली, आणि माल कोणत्या खात्यातून आणायचा हे नव्या बाईंना कुणी सांगितलं नाही. मशीनला समोर माणूस नको, पाठीमागे हवा. भरणारा, मोजणारा, दर सोमवारी किल्ली घेऊन येणारा. कियोस्कला तो शेजारी हवा.

शेजारी बसलेला माणूस काय करतो, हे बघायचं तर नोव्हेंबरात आमच्या राजेंद्रनगरच्या कियोस्कवर यावं. आतोबा शाळामास्तर होते. आत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ सुरू केलं, तेव्हापासून हे काम अंगठ्यावर होतं. पण आत्याच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. पन्नास वर्षं भांडी घासली, पापड लाटले, गोधड्या शिवल्या. यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा. तो मुलगा न कंटाळता एकेक बोट घेतो. ओल्या फडक्याने पुसतो. मग म्हणतो, “माताजी, अंगठा जरा कपाळावर फिरवा.” कपाळाच्या तेलकटपणाने ठसा उठतो कधी कधी, हे त्याला अनुभवाने कळलेलं आहे. दहाही बोटं संपली की तो तिला दाराशी उजेडात बसवतो, फोन समोर धरतो, आणि चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे ती वापरतो. “डोळे मिटा. उघडा. झालं, वर्षभर निश्चिंत.” त्या पडद्यापुढे आत्या एकटी असती, तर पहिल्या लाल दिव्यालाच घरी परतली असती, आणि डिसेंबरात तिचं निवृत्तिवेतन थांबलं असतं. सरकारदरबारी ती हयात नसती.

भुवनेश्वरला ऑगस्ट 2024 मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने ‘अन्नपूर्ती’ हे धान्याचं एटीएम सुरू झालं. पाच मिनिटांत 50 किलोपर्यंत धान्य, दिवसरात्र, आणि काटा मारणं नाही. मापात पाप करणाऱ्या दुकानदाराला यापेक्षा चांगलं उत्तर नाही, म्हणून मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. पण नीट बघितलं तर ती पेटी अर्धी मशीन आहे आणि अर्धी कियोस्क. धान्य मोजून देणारा भाग मशीनचा. त्याआधी बोट मागून ‘तू हक्कदार आहेस का’ असं विचारणारा भाग कियोस्कचा. पहिला भाग कितीही चोख असो, दुसऱ्याने आत्यासारखीच्या बोटाला नाही म्हटलं, तर आतलं धान्य चोवीस तास आतच राहील. असं यंत्र उद्या इंदुरात आलं, तर मी आनंदाने बघायला जाईन आणि पहिला प्रश्न हाच विचारीन, की इथे बोट न उमटणाऱ्याने कुणाकडे बघायचं?

आणि चूक झाल्यावर कुणाकडे बघायचं, हाही प्रश्न आहेच. एटीएममधून पैसे निघाले नाहीत पण खात्यातून गेले, तर काय करायचं याचा नियम रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात घालून दिला आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. (हे अजूनही पुष्कळ खातेदारांना ठाऊक नसतं, मागून घ्या.) बिस्किटाचा पुडा वेटोळ्यात अडकला, तर 20 रुपयांचं नुकसान आणि मशीनवर चिकटवलेला फोन नंबर. तेही सोसण्यासारखं आहे. पण चुकीच्या विभागाची पर्ची छापून देणाऱ्या पडद्याला काय लावणार? त्याने एका म्हातारीचा अख्खा दिवस घालवला, दुसऱ्या कुणाचा कदाचित याहून जास्त काही घालवेल. आणि कागदोपत्री चूक त्या म्हातारीचीच आहे, कारण निवड तिच्या नावावर झाली.

मध्य प्रदेशला या उत्तरदायित्वाची वाट ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये. आपण या बाबतीत देशाच्या पुढे होतो. जानेवारी 2000 मध्ये, म्हणजे घरोघरी इंटरनेट यायच्या कितीतरी आधी, इथून जवळच्या धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ सुरू झालं. गावोगाव सूचनालयं, म्हणजे माहिती केंद्रं, तिथे एकेक संगणक, आणि संगणकापाशी गावातलाच शिकलेला एक तरुण. त्याचं पद ‘सूचक’. मंडीतले भाव, जमिनीच्या नकला, उत्पन्नाचा दाखला, हातपंप बंद असल्याची तक्रार, हे सगळं त्याच्यामार्फत. त्याच वर्षी त्या प्रकल्पाला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. पुढे विजेने आणि टेलिफोनच्या तारांनी त्याला छळलं आणि तो ओसरला, पण त्याचा गाभा बरोबर होता: विचारणाऱ्या यंत्राशेजारी गावाची बोली समजणारा माणूस. मग 2010 साली आपल्या राज्याने लोकसेवा हमीचा कायदा केला, असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य. लोकसेवा केंद्रात अर्ज दिला की पावतीवर काम होण्याची मुदत लिहून मिळते, आणि मुदत हुकली तर जबाबदार अधिकाऱ्याला रोजचा 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपये दंड. कियोस्कच्या कागदाला किंमत येते ती अशी. तो कागद म्हणजे माल नसतो, वायदा असतो, आणि वायद्यामागे नाव लागतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. माणूस आला की लबाडी आली. ठरलेल्या शुल्काहून जास्त मागणारे कियोस्कवाले मला माहीत आहेत. 2023 च्या मार्चमध्ये बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेचे फॉर्म निघाले, समग्रच्या ई-केवायसीसाठी बायकांच्या रांगा लागल्या, तेव्हा गरज बघून पैसे घेतल्याच्या तक्रारी आमच्या कामवाल्या बाईंनीही सांगितल्या. शिवाय आधारच्या प्रती त्यांच्या संगणकात महिनोन् महिने पडून असतात, पासवर्ड त्यांच्याच वहीत लिहिलेले असतात. हे मला भीतिदायक वाटतं. पण यावर उपाय माणूस काढणं हा नाही. दरफलक बाहेर, डोळ्यांच्या उंचीवर. प्रत्येक कामाची छापील पावती, तिच्यावर चालकाचा क्रमांक. काम झाल्यावर ग्राहकासमोर कागद पुसून टाकायचा नियम, आणि अचानक तपासणी. बँकेत आम्हीही माणसंच होतो. आमच्यावर लेखापरीक्षण होतं म्हणून आम्ही सरळ राहिलो, असं मी मोकळेपणाने सांगते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो मला पटत नाही. गल्लीतल्या कियोस्कवाल्याला सरकार पगार देत नाही, त्याचं पोट कामाच्या शुल्कावर चालतं. स्टेशनवरच्या सहायकांचं कमिशनवर. रुग्णालयातल्या पडद्यांपाशी दोन खुर्च्या टाकायला, शिकाऊ परिचारिका किंवा नुकती पदवी झालेली मुलं बसवायला किती पैसे लागतील? त्या दिवशी आत्याला कुणी नुसतं एवढं विचारलं असतं, ‘आजी, काय होतंय?’, तर ती आधी दम लागतो हे सांगणार होती. सूज तिने नंतर सांगितली असती. पडद्यावर ‘काय होतंय’ हा चौकोनच नव्हता.

तेव्हा एखाद्या कार्यालयात निळी पेटी येणार असं कळलं, की तिचं नाव काय हे बघू नका. ती काही विचारणार आहे का, ते बघा. विचारणार नसेल तर खुशाल एकटी उभी राहू दे, फक्त किल्ली कुणाकडे ते ठरवा. विचारणार असेल, तर शेजारची खिडकी बंद करायचा अधिकार कुणालाही नसावा.

आत्याचं पुढे नीट झालं. दोन दिवसांनी मेडिसिनला दाखवलं, औषधं लागू पडली, सूज उतरली. पण त्या रुग्णालयाची जाळी अजून तशीच ओढलेली आहे. जाळीतून आत बघितलं तर टेबल दिसतं, खुर्ची दिसते, पर्ची कापायची लोखंडी पट्टीसुद्धा दिसते. मी कलेक्टर कार्यालयातल्या मंगळवारच्या जनसुनवाईत अर्ज दिला आहे. पडदे काढा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलं आहे ते इतकंच, की सकाळी ओपीडीच्या वेळात ती एक खिडकी उघडी असावी, पडद्यांपाशी एक माणूस असावा, आणि ज्यांच्यापाशी मोबाइल नाही त्यांना ओटीपीशिवाय पर्ची मिळावी. पावती मिळाली, तिच्यावर क्रमांक आहे. आत्याला हे कळलं तेव्हा तिने विचारलं, की अर्जावर एकटीचीच सही का. पुढच्या मंगळवारी ती स्वतः यायचं म्हणते आहे, अंगठ्याच्या ठशाने नव्हे, सहीने. आतोबांनी शिकवलेली मोडी वळणाची सही तिला अजून येते.